दोन बोटं मोकळी जागा

माझा अर्धा जन्म लोकांकडून स्टील वाढवून घेण्यासाठी भांडण्यात गेला. वागळे इस्टेटमध्ये ज्या ऑफिसात मी काम करते तिथे रोज कोणीतरी येऊन बसतं आणि तीच टेप लावतं. मॅडम, प्लेट जरा पातळ करा ना. मॅडम, इथे बोल्ट कमी नाही का चालणार. मॅडम, ठाण्यात कुठे आलाय भूकंप. मी नाही म्हणते. ते पुन्हा येतात, मी पुन्हा नाही म्हणते. आमचे रिसेप्शनवाले पाहुण्याला माझ्या केबिनकडे धाडताना सांगतात, की चहा बाहेरच पिऊन घ्या, आत मिळायचा नाही. आणि असं असताना ज्या एका इमारतीत कोणीतरी आपणहून, मला न विचारता, स्टील वाढवलं, ती बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाढवणारा माझा बाप होता.

मी नेमकं काय करते ते आधी सांगते, नाहीतर हा राग कोणाला कळायचा नाही. लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत उभे खांब असतात, आडव्या बीम असतात. जमीन हलली की ही चौकट तिरकी व्हायला बघते. ती होऊ नये म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके दांडे घालतात, फुलीसारखे. त्यांना आम्ही ब्रेसिंग म्हणतो. हा दांडा ज्या कोपऱ्यात खांबाला आणि बीमला भेटतो तिथे एक जाड प्लेट असते, तिला गसेट म्हणतात. माझं पोट त्या गसेटवर चालतं. दांडा केवढा, प्लेट केवढी, वेल्ड किती लांब, हे सगळं मी ठरवते.

आता यातली गोम अशी, की भूकंपात एक दांडा ताणला जातो तेव्हा दुसरा दाबला जातो, आणि क्षणात उलट. दाबलेला दांडा बाजूला वाकतो. त्याने वाकावं अशीच आमची इच्छा असते. हादऱ्याची ताकद त्या वाकण्यात खर्ची पडते आणि खांब शाबूत राहतात. पण दांडा वाकायचा तर त्याचं टोक फिरायला हवं. त्यासाठी दांड्याचं टोक थोडं अलीकडेच थांबवायचं आणि गसेटची एक पट्टी मोकळी सोडायची. प्लेटच्या जाडीच्या दुप्पट, म्हणजे साधारण दोन बोटं. तिथे वेल्ड नाही, बोल्ट नाही, टेकू नाही. बिजागरीवर दार फिरावं तशी प्लेट त्या पट्टीत दुमडते. पट्टी बुजवली की ती दुमडत नाही, फाटते. बघणाऱ्याला मात्र ती जागा काम अर्धवट टाकल्यासारखी दिसते. मिस्त्री विचारतात, सुपरवायझर विचारतात, एकदा तर एका बिल्डरच्या सासऱ्याने विचारलं होतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, वागळेमध्येच वेल्डर होते. रत्नागिरीकडून पोरवयात आले आणि कोपरीच्या चाळीत राहिले ते आजतागायत. लहानपणी संध्याकाळी अप्पांचे डोळे आलेले असायचे, लालभडक. वेल्डिंगची झळ लागली की असं होतं. आई बटाट्याच्या चकत्या कापून त्यांच्या पापण्यांवर ठेवायची आणि आम्ही भावंडं आवाज न करता अभ्यास करायचो. कामाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच. मालक म्हणाला अजून एक टाका मार, तरी ते मारायचे नाहीत. "कागदावर काढून दे, मग मारतो," म्हणायचे. या नियमापायी त्यांनी दोन वर्कशॉप सोडली. हा नियम मी दुधाबरोबर प्यायले, आणि माझा खडूसपणा तिथूनच आलाय असं आई म्हणते.

कोपरीत आमच्या लोकांचं एक मंडळ आहे. त्याची जुनी पत्र्याची शेड होती. पुढच्या भागात बुद्धमूर्ती, मागे चार बाकं आणि दोन ट्यूबलाइट. चाळीतल्या घरात पाय पसरायला जागा नसायची, म्हणून आम्ही पोरं तिथे जाऊन अभ्यास करायचो. मी इंजिनिअर झाले ती त्या बाकांवर. शेड मोडकळीला आली तेव्हा मंडळाने ठरवलं की तिथे नवीन इमारत उभी करायची. खाली बालवाडी, वर वंदनेचा हॉल, त्याच्या वर अभ्यासिका. गल्ली अरुंद, काँक्रीटच्या गाड्या आत येत नाहीत, म्हणून सांगाडा लोखंडी करायचा ठरला. डिझाइन मी केलं. बालवाडीतली पोरं दुपारी झोपलेली असताना जमीन हलली तर, एवढा एकच विचार डोक्यात ठेवून केलं. साइटवर लक्ष ठेवायला अप्पा होतेच. रिटायर झाल्यापासून माणूस घरात कोंडल्यासारखा झाला होता, तो सकाळी हेल्मेट घालून बाहेर पडायला लागला. अंगात पुन्हा जोर आला त्यांच्या.

पाया झाला, खांब उभे राहिले, प्रत्येक वेळी मी डोंबिवलीच्या माझ्या घरून येऊन बघून गेले. गसेट जागेवर लागल्या त्याही मी तपासल्या. मग ऑफिसने मला गुजरातेतल्या एका कारखान्याच्या कामावर धाडलं आणि माझं कोपरीला येणं बंद झालं. अप्पा फोनवर सांगायचे, ब्रेसिंग झालं, स्लॅब झाला, रंग चालू आहे. मी निश्चिंत होते. जो माणूस ड्रॉइंगबाहेर टाका मारत नाही तो तिथे उभा होता.

परत आले त्या रविवारी सकाळी मी तिथे गेले. दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला उद्घाटन ठरलेलं. इमारत सुरक्षित आहे असं सर्टिफिकेट मी सही करून द्यायचं, मग बालवाडी सुरू करायची, असा बेत. महिला मंडळाच्या बायका वरच्या हॉलमध्ये लाद्या धूत होत्या. मंडळाचे सेक्रेटरी, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले गृहस्थ, हातात पत्रिकेचा नमुना घेऊन उभे होते. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. मी वर बघितलं.

प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक गसेटवर, दोन्ही अंगांना तिकोनी रिबा, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या, मारलेल्या होत्या. बरोबर मोकळ्या पट्टीवरून. वेल्ड इतका देखणा, की कोणाचा हात आहे ते विचारायची गरज नव्हती. वरून छान निळा रंग.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी," अप्पा म्हणाले. "सपोर्ट मारलेत. सगळीकडे मारलेत, वरपर्यंत."

"कोणाला विचारून?"

सेक्रेटरींकडे एकदा बघितलं त्यांनी, मग खाली. मला वाटलं, चूक कळली. मी थांबले का? छे. माझं डोकं फिरलेलं. "ड्रॉइंगमध्ये आहे का हे? दाखवा मला. आयुष्यभर लोकांना ड्रॉइंग शिकवलंत ना तुम्ही? मग इथे कुठली अक्कल चालवलीत? बिजागरीला खिळे ठोकलेत तुम्ही, अप्पा. खाली पोरं बसणार आहेत."

"मजबूतच केलंय ना, बाय," ते हळूच म्हणाले.

सेक्रेटरी मध्ये पडले. "ताई, तुमच्या वडिलांनी जास्त लावलंय, कमी नाही लावलं. जास्तीने कधी बिघडलंय काय?"

"जास्तीनेच बिघडलंय. मी सही करणार नाही."

बायकांनी झाडू थांबवले. सगळी गल्ली ऐकत होती. अप्पांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, हाताला काही लागलेलं नव्हतं तरी पुसले, आणि जिना उतरून निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. मी कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो काढत बसले.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून दात खावेसे वाटतात. सेक्रेटरींचा फोन आला. पत्रिका छापायला गेल्यात, भन्तेजींना शब्द दिलाय, लोकांना काय तोंड दाखवायचं. मी म्हटलं, फाटक्या इमारतीपेक्षा फाटकी पत्रिका बरी. मग त्यांनी आवाज बारीक करून सांगितलं, की कल्याणला एक जण सह्या देतो, साइटवर यायची पण भानगड नाही, तुम्ही फक्त आड येऊ नका. म्हणजे ज्या पोरांसाठी ही इमारत, त्यांच्या डोक्यावरच्या छपराची हमी कोणीतरी खुर्चीतून न उठता देणार, आणि मी ताई म्हणून गप्प बसायचं. मी सांगितलं, त्याची सही आली तर माझं लेखी पत्र फोटोंसकट महापालिकेत जाईल, आणि पत्रावर मी माझं नाव मोठ्या अक्षरात टाकेन. त्यांनी फोन ठेवला.

ऑफिसात माझ्यावरचे एक साहेब आहेत. पुस्तकी माणूस, पुण्याकडचे, बोलणं लोण्यासारखं. त्यांना फोटो दाखवले. त्यांना प्रश्न कळायला एक नजर पुरली. "चूक आहे," म्हणाले, आणि मग, "पण तीन मजल्यांची तर इमारत आहे. कोपरीत कुठे एवढा मोठा हादरा बसणार आहे? वडिलांना दुखवू नकोस." हाच माणूस मोठ्या गिऱ्हाइकाच्या टॉवरमध्ये मोकळी पट्टी दोन मिलिमीटर कमी पडली तर ड्रॉइंग तोंडावर फेकतो. टॉवरमधल्या माणसांची हाडं वेगळी आणि आमच्या कोपरीतल्या पोरांची वेगळी असतात का, असं मी त्यांना विचारलं. ते चष्मा पुसायला लागले.

तेवढ्यात आईचा फोन. "ते जेवत नाहीत नीट. ताटावर बसतात आणि उठतात. ये जरा."

मी गेले. अप्पा टीव्हीसमोर बसलेले, आवाज बंद. माझ्याकडे बघितलं नाही. आईने चहा ठेवला आणि ती मुद्दाम शेजारी निघून गेली. मी समजवायला सुरुवात केली, कागदावर काढून दाखवलं, हा दांडा, ही प्लेट, ही पट्टी. ते ऐकत होते की नव्हते देव जाणे. शेवटी म्हणाले, "माझा वेल्ड सुटला असं एक ठिकाण दाखव. सबंध वागळेमध्ये."

"तुमच्या वेल्डबद्दल मी बोलतेय का?"

"मग कशाबद्दल बोलतेस? वेल्ड सुटणार नसेल तर प्लेट जाते कुठे?"

"फाटते."

"एवढी जाड प्लेट फाटते?" ते हसले. असे हसले, की मी अजून शाळेत आहे आणि काहीतरी खुळचट बोलले. माझी सटकली. मी म्हटलं, उद्या वागळेला चला. दोन नमुने करू. एकात माझी पट्टी मोकळी, दुसऱ्यात तुमच्या रिबा. दोन्ही सारखेच वाकवू. कोण खरं ते समोर येईल.

"वेल्ड मी मारणार," अप्पा म्हणाले.

"मारा."

आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक ओळखीचं शॉप आहे, नमुने तपासायला आम्ही तिथे जातो. दुसऱ्या दिवशी अप्पा आले ते स्वतःचा हेल्मेट-मास्क पिशवीत घालून. मालकाने त्यांना ओळखलं, खुर्ची दिली. ते बसले नाहीत. रॉड बघितले, एक बाजूला टाकला, दमट आहे म्हणाले. मग दोन्ही नमुने जोडायला घेतले. खाली जाड पाट, त्यावर उभी गसेट, गसेटला दांड्याचा तुकडा. दोन्हीला तोच वेल्ड. दुसऱ्या नमुन्यावर त्यांनी रिबा मारल्या, आणि त्या मारताना इतका वेळ घेतला, की मालक माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागला. मलाही दिसत होतं. इतकं सुबक काम त्यांनी माझ्यासमोर कधी केलं नव्हतं. मला ते बघून रागच येत होता. हा माणूस एवढ्या जिवाने मला खोटं पाडायला निघालाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

थंड होऊ दिलं. मग जॅक लावला. दांड्याचं वरचं टोक आधी एका बाजूला ढकलायचं, मग तेवढंच दुसऱ्या बाजूला, असं ठरलं. पहिला नमुना माझा. टोक सरकलं तशी मोकळी पट्टी दुमडली. लोखंडावरची काळी खपली उडाली, बाकी काही नाही. उलटीकडे ढकललं, पट्टी तिकडे दुमडली. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. अप्पा जवळ जाऊन बघत होते.

मग त्यांचा. जॅकला जास्त जोर लागायला लागला तसे ते माझ्याकडे वळले, बघ म्हणून. खरंच जास्त जोर लागत होता. टोक थोडं सरकलं, पट्टी जागची हलली नाही. उलटीकडे नेलं. पुन्हा आणलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा एक आवाज झाला, नारळ फुटल्यासारखा, आणि जॅकवरचा दाबाचा काटा खाली आला. रिबेच्या टोकापाशी प्लेट उभी फाटली होती.

अप्पा गुडघ्यावर बसले. वेल्डवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. केसाएवढीही भेग नव्हती त्यात. प्लेटची चीर वेल्डच्या अगदी काठाने गेली होती.

"माझा वेल्ड नाय सुटला," ते म्हणाले.

"नाही सुटला, अप्पा. तुमचा वेल्ड सुटला नाही आणि रिब वाकली नाही. मग प्लेटने करायचं काय?"

ते उठायला लागले तसा मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, टेबलाला धरून उठले. मास्क पिशवीत घातला. दारात थांबून म्हणाले, "सगळ्या काढायच्या. कशा काढायच्या ते सांग." मी जिंकले होते. मला वाटलं होतं, बरं वाटेल. मला आणखीच चीड आली, कशाची ते तेव्हा सांगता आलं नसतं.

काढणं हे लावण्यापेक्षा वाईट काम. गॅसने कापलं तर प्लेट भाजते, म्हणून रिबा ग्राइंडरने बारीक बारीक उडवायच्या आणि खालची प्लेट आरशासारखी घासायची. मग त्यावर लाल रंग मारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. प्लेटला चीर असली तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. ज्या गसेटवर लाल रेघ दिसली ती प्लेट मी बदलायला लावली. एका वेळी एकच कोपरा सोडवायचा, तोवर तिथे टेकू द्यायचा, असं करत काम पुढे सरकलं. मी ऑफिस सुटल्यावर रोज यायचे. अप्पा दिवसभर असायचे. आम्ही कामापुरतं बोलायचो. "ही झाली." "ही नाही झाली." "इथे अजून घासा." सेक्रेटरी अधूनमधून खाली येऊन उभे राहायचे आणि आभाळाकडे बघून सुस्कारे सोडायचे. एकदा मी त्यांना विचारलं, की तुम्हाला दमा आहे का.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरचा एकच कोपरा उरला होता, आणि कामगार आले नाहीत. खंडेनवमी होती. वागळेमध्ये त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून हळदकुंकू लावून पाटावर ठेवतात, मशिनांना झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी हत्याराला कोणी कामाला लावत नाही. मी फोनवर फोन केले, सगळीकडे तेच उत्तर. माझी तडफड बघून अप्पा म्हणाले, "आपल्याला कुठे पूजायचीत हत्यारं," आणि घरी जाऊन पलंगाखालचा स्वतःचा ग्राइंडर घेऊन आले. आयुष्यभर त्या दिवशी ते मालकाकडचे पेढे घेऊन घरी यायचे. त्या दिवशी काम त्यांनी पहिल्यांदाच केलं असेल.

दुपारची वेळ, वरची अभ्यासिका रिकामी, फक्त आम्ही दोघं. ते स्टुलावर बसून घासत होते, मी टॉर्च धरून उभी होते. एक अंग झालं तसा त्यांनी ग्राइंडर थांबवला, पाणी प्यायले. इतके दिवस मला खात असलेली गोष्ट तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडली.

"अप्पा, एका टाक्यावरून नोकरी सोडणारे तुम्ही. मालकाचं ऐकलं नाहीत कधी. मग माझ्याच ड्रॉइंगबाहेर का गेलात?"

"झालं ना आता. काढतोय ना."

"का गेलात ते सांगा."

ते बाटलीचं झाकण लावत बसले. मग म्हणाले, "सेक्रेटरी ड्रॉइंग घेऊन आलेला. म्हणतो, तुमच्या मुलीने सगळीकडे जागा सोडलीय. दांडा खांबापर्यंत नेलाच नाय. विसरली वाटतं, म्हणतो. एवढं शिकून. चार माणसं होती, हसली."

"मग?"

"मग मी बोललो, विसरली कशाला? तिथे सपोर्ट येणार आहेत. तिनेच सांगितलंय मला, फोनवर. कागदावर घालायचे राहिले, बोललो. आणि मारले."

मला त्या रविवारची सकाळ आठवली. मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलेलं, कोणाला विचारून. त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं होतं आणि मान खाली घातली होती. त्याच सेक्रेटरींसमोर, सगळ्या गल्लीसमोर मी माझ्याच तोंडाने माझ्या बापाला खोटारडा ठरवलं होतं, आणि त्यांनी रुमालाने हात पुसले होते.

"एक फोन करायचात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एक फोन, अप्पा. विचारायचं, की बाय, ही जागा कशाला."

"आणि काय बोलू फोनवर? तू चुकलीस?" ते म्हणाले. "मला वाटलं, चुकली असेल. चुकतं माणूस. गुपचूप दुरुस्त करून टाकू, तुला पण कळायला नको."

मला त्या घडीला एवढा संताप आला, की तो ग्राइंडर खिडकीतून खाली फेकावा असं वाटलं. सेक्रेटरींवर, हसणाऱ्या चौघांवर, मुलीची चूक झाकायला आयुष्यभराचा नियम मोडणाऱ्या, पण मुलीला एक प्रश्न न विचारणाऱ्या या म्हाताऱ्यावर. मी रडत होते की ओरडत होते मला सांगता येणार नाही. अप्पांनी शांतपणे ग्राइंडर उचलला.

"चष्मा घाल," ते म्हणाले. "ठिणगी उडते डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचा कोपरा तपासला, लाल रेघ नव्हती, सर्टिफिकेटवर सही केली. वंदना झाली. हॉल भरला होता, पोरं पुढे मांडी घालून बसलेली, अप्पा भिंतीकडे तिसऱ्या रांगेत. सेक्रेटरींनी माईक माझ्या हातात दिला, दोन शब्द बोला ताई म्हणून.

मी आधी वर बोट करून सगळ्यांना गसेट दाखवल्या. सांगितलं, की या प्लेटवर दांड्याच्या टोकापाशी दोन बोटं जागा मोकळी आहे. तिथे खिळा नाही, हुक नाही, पताका नाही, पंख्याची वायर नाही. ती जागा मुद्दाम सोडलेली आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. बायकांनी माना डोलावल्या.

मग मी म्हटलं, "मध्ये तिथे सपोर्ट मारले होते, ते तुम्ही बघितलेत. ते माझ्या वडिलांनी मनाने मारले नव्हते. फोनवर मीच सांगितलं होतं. चूक माझी होती. मी सांगून विसरले, आणि इथे येऊन सगळ्यांसमोर त्यांना बोलले."

हॉलमध्ये जरा कुजबुज झाली. अप्पांनी झटकन मान वर केली आणि जोरात नकारार्थी हलवली, नको, नको म्हणून. मी तिकडे बघितलं नाही.

सेक्रेटरी शेजारच्या माणसाकडे झुकले. आवाज दाबायची त्यांना गरज वाटली नाही. "मी बोललेलो ना तेव्हाच," ते म्हणाले. "विसरली असणार."

आयुष्यात मी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. माईक माझ्या हातातच होता.

मी तो त्यांना परत दिला आणि अप्पांच्या शेजारी जाऊन बसले.